मानसोल्लासातली भिंत

मराठीच्या विद्यार्थ्याला 'मानसोल्लास' भेटतो तो बहुधा भाषेच्या इतिहासाच्या पहिल्या प्रकरणात. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या या संस्कृत ग्रंथात (रचना इ. स. ११२९च्या सुमारास) गीतविनोदाच्या ओघात काही जुन्या मराठी पंक्ती येतात. त्या आपण उतरवून घेतो आणि ग्रंथ मिटतो. चित्रकर्माचा भाग त्यामुळे वाचावयाचाच राहतो, आणि त्या भागाचा आरंभ चित्राने होत नाही. तो भिंतीने होतो.

भिंत आधी चुन्याने लिंपून गुळगुळीत करावयाची. मग वज्रलेप. म्हशीचे ताजे कातडे पाण्यात लोण्यासारखे मऊ होईतो शिजवावयाचे, त्याच्या कांड्या करून उन्हात वाळवावयाच्या; लागेल तेव्हा मातीच्या भांड्यात गरम पाण्यात विरघळवून, पांढरी माती मिसळून भिंतीवर तीन हात द्यावयाचे. पहिला वाळल्यावाचून दुसरा नाही. आज वज्रलेप हा शब्द कानी पडतो तो देवमूर्तींची झीज थांबविण्याच्या संदर्भात. त्याच्या मुळाशी सुताराच्या हाताखालचा सरस आहे, हे ध्यानात येत नाही. राजप्रासादातील देवादिकांची चित्रे ज्या अस्तरावर उभी राहात, ते अस्तर ढोरांच्या कातड्याचे होते. कृती सांगणाऱ्या श्लोकांत कातडे सोलणाऱ्याला जागा नाही. कलेच्या इतिहासाने ही रीत पुढेही इमानाने पाळली.

अजिंठ्यालाही हीच शिस्त दिसते: भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू घातलेला मातीचा गिलावा, वर चुन्याचा पातळ थर, आणि रंग कोरड्या पृष्ठावर. इटलीतील भित्तिचित्रकार ओल्या चुन्यात रंग मुरवीत. आपल्याकडील चित्रकार वाळण्याची वाट पाहात. 'फ्रेस्को' हा शब्द अजिंठ्याला सर्रास लावला जातो, तो म्हणून बरोबर नाही.

ही वाट पाहणे घरोघरीही होते. वाड्यांच्या बांधकामासाठी बैल जुंपून चुन्याची घाणी फिरे. भाजलेली चुनखडी पाण्यात विरवली, की तिचा गिलावा हवेतील कर्बवायू शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीच होऊ लागतो. म्हणजे भिंत बांधून झाल्यावरही काही काळ बनत असते. तिच्यावर चुन्याचीच सफेदी, फार तर निळीचा हात, किंवा होर्मुझच्या नावावरून आलेली हुरमुंजी. रंग आणि भिंत एकाच जातकुळीचे असल्याने घाईची शिक्षा सौम्य असे, आणि दिवाळीपूर्वी पुन्हा हात फिरे तो फिरेच.

१९१४ साली पोरबंदरला सिमेंटचे उत्पादन सुरू झाले. पुढे ते घरांत शिरले आणि भिंतीचा स्वभाव पालटला. सिमेंटचा गिलावा निदान आठवडाभर पाणी मारून ओला ठेवावा लागतो, आणि नंतर तितक्याच निग्रहाने सुकू द्यावा लागतो. रंगवाले साधारण अठ्ठावीस दिवस सांगतात, पावसाळ्यात तेही अपुरे. ओल्या गिलाव्यातील क्षार तेलरंगाशी मिळून अक्षरशः साबण करतात, आणि चिकटलेला रंग पुढे पापुद्र्याने सुटतो. आतले पाणी बाहेर पडताना क्षार पृष्ठावर आणते, त्याला आपण लोणा म्हणतो. यावर उपाय वज्रलेपाच्याच जातीचा: सुकलेली भिंत घासून धूळ पुसावयाची, क्षार सोसणारा प्रायमर द्यावयाचा, लांबी भरून पुन्हा घासावयाचे, आणि मग रंगाचे दोन पातळ हात. तिसरा सोमेश्वर यातील क्रम ओळखील. घराचा ताबा मुहूर्तावर हवा म्हणून पंधराव्या दिवशी रंगारी बोलावणारे आपण त्याला ओळखू येणार नाही.

ज्यांना यात साहित्याचा संबंध दिसत नसेल, त्यांनी विद्यारण्यांच्या 'पंचदशी'तील चित्रदीप प्रकरण उघडावे. तेथे चैतन्याच्या चार अवस्था सांगण्यासाठी चित्रपटाच्या चार अवस्था योजल्या आहेत: धुतलेला, खळ देऊन घोटलेला, रेखाटलेला आणि रंगविलेला. चारांपैकी पहिल्या दोन नुसत्या पूर्वतयारीच्या आहेत. भाष्यकार अर्थातच रंगविलेल्याकडे, म्हणजे विश्वाकडे, धाव घेतात. आम्हांला मात्र त्या खळ देणाऱ्याविषयी अधिक कुतूहल वाटते, कारण ही उपमा सुचण्यापूर्वी कोणीतरी ते काम जवळून पाहिलेले असणार.