शूराचा लठ्ठ कसा झाला?

'स्टाउट' या इंग्रजी विशेषणाचा अर्थ आज कुणालाही विचारा. 'जाडजूड', 'स्थूल' असंच उत्तर मिळेल. पण कीट्सचं चॅपमनच्या होमरवरचं १८१६ सालचं सुनीत वाचताना हा अर्थ अडतो. पॅसिफिक महासागराकडे टक लावून पाहणाऱ्या कोर्टेझला कवीनं हेच विशेषण लावलं आहे. त्याचं पोट सुटलं होतं, असं काही कीट्सला सांगायचं नाही. (पनामातून तो महासागर १५१३ मध्ये पाहिला बाल्बोआनं, पण तो वाद वेगळा!) इथं 'स्टाउट' म्हणजे शूर, छातीचा.

हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याचं मूळ मात्र जर्मानिक. अभिमानी या अर्थाचा आजचा जर्मन शब्द 'श्टोल्त्स' हा त्याचा नातलग. सुरुवातीला त्याचा अर्थ होता मानी, गर्विष्ठ, शूर. शूर माणूस अंगानंही दणकट असणार, म्हणून अर्थ मनावरून शरीरावर उतरला. पुढे मजबूत काठीही 'स्टाउट' झाली आणि सतराव्या शतकात कडक बिअरही! सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या कोशात बलवान, धाडसी, हट्टी हे अर्थ आहेत, बिअरही आहे. लठ्ठ हा अर्थ नाही.

तो रुळला एकोणिसाव्या शतकात. 'फॅट' म्हणणं बोचतं, म्हणून सभ्य लोकांनी दणकटपणाचा शब्द स्थूलपणावर पांघरला. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या तयार कपड्यांच्या धंद्यानं मोठ्या मापाच्या कपड्यांना 'स्टाउटवेअर' म्हटलं. पण पांघरूण किती दिवस टिकणार? तो शब्दही बोचू लागला आणि पुढे 'प्लस साइझ' आलं.

आता आपला 'पैलवान' पाहा. हा फारसी 'पहलवान'. त्याचं नातं प्राचीन पार्थियन लोकांच्या नावाशी. शाहनाम्यातला रुस्तम पहलवान म्हणजे रणांगणावरचा वीर. मराठीत तो तालमीच्या मातीत उतरला. म्हणजे हाही शब्द शौर्याकडून शरीराकडेच आला, पण त्याचा मान गेला नाही. कारण तालमीनं कमावलेल्या शरीराला मान दिला.

मला वाटतं, दोष शब्दाचा नसतो, नजरेचा असतो. शरीराला हसणारी नजर तशीच राहिली, तर कितीही गोड शब्द आणा, तो चार दिवसांत कडू होतो.

'स्टाउट'चं जुनं तेज मात्र अजून पुरतं विझलेलं नाही. 'स्टाउट हार्ट' म्हणजे धीराचं काळीज आणि 'स्टाउट रेझिस्टन्स' म्हणजे चिवट प्रतिकार. म्हणून जुनं इंग्रजी पुस्तक मराठीत आणताना हा शब्द भेटला, तर आधी त्याचं साल पाहावं. नाहीतर एखाद्या शूर शिपायाला आपण उगाच लठ्ठ करून ठेवू.