हरणखुरी, डवरा आणि विळा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाचं देऊळ आहे. विठोबा आणि पासोडी यांचा संबंध काय, असं बाहेरगावचा माणूस हमखास विचारतो. जुन्या काळी त्या देवळाच्या आसपास पासोड्यांचा, म्हणजे जाड्याभरड्या सुती पांघरुणांचा बाजार भरत असे, एवढाच तो संबंध. पुणेकरांनी शेजारचा बाजार पाहिला आणि देवाला नाव देऊन टाकलं. पण पांघरुणं इथे विकली गेली, तरी कापूस काही पुण्याच्या शिवारातला नव्हे. आपल्या राज्यातला कापूस मुख्यतः वऱ्हाडातला, खानदेशातला आणि मराठवाड्यातला. त्या रानात कापसाला ज्याच्याशी झुंजावं लागतं, त्या तणाविषयी आज बोलायचं आहे. त्यातही वेलाच्या तणाविषयी.

आम्हा कवी मंडळींनी वेलाचे फार लाड केले. कापसाच्या रानात मात्र वेल म्हणजे दोरखंड. हरणाच्या खुरासारख्या पानाची हरणखुरी, जिला कुठे चांदवेलही म्हणतात, किंवा निळीजांभळी फुलं येणारे रताळ्याचे रानटी भाऊबंद. दिसायला सगळे नाजूक. पण पावसाळा सरता सरता ते कापसाच्या झाडावर चढतात, या झाडावरून त्या झाडावर जातात आणि दोन ओळी एकमेकींना बांधून टाकतात. हरणखुरीचं मूळ खोल जातं, आणि त्याचा तुकडा मागे राहिला तरी तो पुन्हा फुटतो. रानरताळ्याच्या बियांचं कवच टणक; त्या एकदम उगवत नाहीत, प्रत्येक पावसासरशी थोड्या थोड्या उगवतात. जूनमध्ये रान स्वच्छ केलं म्हणून सप्टेंबरची खात्री देता येत नाही.

जुनी रीत अशी. तिफणीने पेरायचं, मग ओळींमधून बैलाचा डवरा फिरवायचा आणि झाडाच्या बुंध्याशी उरलेलं तण बायांनी निंदायचं. आपल्याकडे जिला खुरपणी म्हणतात, ती वऱ्हाडात निंदण. डवरा पुरुषाचा, निंदण बाईचं, ही वाटणी पक्की. मात्र पिकाने रान झाकलं की डवरा आत शिरत नाही. वेल वर येतो तो नेमका त्यानंतर.

या कचऱ्याचा इतिहास साहेबाच्या कागदपत्रांतही सापडतो. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि साऱ्यांचे डोळे हिंदुस्थानाकडे लागले. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. पण आपल्या कापसाविषयी तिकडची कुरकूर एकच, की त्यात पाला, माती आणि सरकी फार. भेसळीला आळा घालण्यासाठी मुंबई इलाख्यात १८६३ साली खास कायदा झाला. दोष बहुतेक व्यापाऱ्याच्या माथी गेला आणि त्यात तथ्यही होतं. तरी सगळा पाला काही व्यापाऱ्याने घातलेला नसतो. वाळलेल्या वेलाचा चुरा उमललेल्या बोंडात पडला, की तो सहजी निघत नाही. धनुकली घेऊन गल्लोगल्ली फिरणाऱ्या आमच्या पिंजारी-नदाफ मंडळींना हे कोणत्याही कमिशनरापेक्षा जास्त ठाऊक होतं. तो चुरा त्यांच्या नाकातोंडात जात असे.

अमेरिकेने या प्रश्नाचं उत्तर वेगळ्या वाटेने शोधलं. मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलजवळ १९४४ साली पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळं पीक यंत्राने काढण्यात आलं. माणसाचं बोट वेलाला चुकवतं, यंत्राची फिरती चाती त्यात अडकतात. तेव्हा वेल मारणं आलंच. उंच ट्रॅक्टरला आडोसे लावून पीक मोठं झाल्यावर फक्त झाडाच्या बुडाशी तणनाशक मारायची पद्धत तिथे रुळली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आलेलं टू-फोर-डी रुंद पानाच्या तणावर जालीम, पण कापूसही रुंद पानाचाच. शेजारच्या रानातून त्याचा वारा आला किंवा त्याच पंपाने, नीट न धुता, दुसरं औषध मारलं, तरी कापसाचं पान भेंडीच्या पानासारखं चिरत जातं. वऱ्हाडातल्या कास्तकाराला हे वेगळं सांगावं लागत नाही.

आपल्याकडे पेरणीच्या सुमारास पेंडीमेथॅलिन मारतात. त्याचा जोर पहिले काही आठवडे. पुढे गवतावर क्विझालोफॉप, रुंद पानाच्या कोवळ्या तणावर पायरिथायोबॅक. कोवळ्या हा शब्द महत्त्वाचा. झाडावर चढलेल्या वेलाला ते जुमानत नाही. उरतो नळीला छत्रीसारखं झाकण लावून ओळीत करायचा फवारा. तो छातीएवढ्या, फांद्या पसरलेल्या कापसात शिरून मारायचा म्हणजे काय, याची कल्पना यवतमाळने २०१७ साली दिली. तिथे फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ती कीटकनाशकं होती, तणनाशकं नव्हेत, हे खरं. पण पीक डोक्याएवढं, अंगावर साधा सदरा, तोंडाला फार तर रुमाल. पंप तोच आणि माणूसही तोच.

मग बियाणंच असं हवं की वरून ग्लायफोसेट मारलं तरी कापूस जगेल, अशी मागणी पुढे आली. बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली होती. तणनाशक सोसणाऱ्या वाणाचा अर्ज मात्र कंपनीने २०१६ साली मागे घेतला. बियाणं तरीही चोरवाटेने गावोगाव पोचलं. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या हजारावर शेतकऱ्यांनी ते उघडपणे पेरलं. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकत होता. निंदणाला माणसं मिळत नाहीत आणि मिळाली तर मजुरी परवडत नाही, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये, ग्लायफोसेट फक्त प्रशिक्षित कीडनियंत्रण व्यावसायिकांकडूनच मारून घ्यावं, असा आदेश काढला. खेड्यात असा व्यावसायिक कुठे गाठायचा, ते मात्र शेतकऱ्यावर सोडलं.

या वादात दोन गोष्टी मागे पडल्या. एक, रानरताळ्याचे वेल ग्लायफोसेटला इतर तणांइतके सहज बळी पडत नाहीत. म्हणजे कायदा मोडून पेरलं, तरी ऑक्टोबरातला वेल वेलाच्या जागीच. अमेरिकेत तर ग्लायफोसेटला न जुमानणाऱ्या रानमाठाने जॉर्जियातल्या शेतकऱ्यांना पुन्हा मजूर लावून हाताने तण काढायला लावलं. दुसरी गोष्ट मला अधिक बोचते. निंदण बाईचं होतं, फवारणी पुरुषाची झाली. तणनाशक आलं तिथे बाईचे निंदणाचे रोज गेले. किलोच्या दराने वेचणी तेवढी तिच्याकडे राहिली. वेलात गुंतलेल्या झाडाशी वेळ जातो तो तिचा, आणि संध्याकाळी वजन कमी भरतं तेही तिचंच.

जाणते शेतकरी बोंडं फुटण्याच्या आधीच रानात एक फेरी घालतात. वेल वरून ओढायचा नाही, त्याने पाती आणि बोंडं गळतात. खाली वाकून बुडाशी विळ्याने कापायचा, जमलं तर मुळासकट उपटायचा. बोंडं उमलण्याआधी तो सुकून गळाला, तर कापसात चुरा जात नाही. अलीकडे अकोला-नागपूर भागात दाट लागवडीचे प्रयोग चालू आहेत. त्यात ओळी लवकर मिळतात, जमिनीवर ऊन कमी पोचतं आणि उशिरा उगवणाऱ्या वेलाला डोकं वर काढणं अवघड जातं. या लागवडीचा एक हेतू यंत्राने वेचणी करता यावी हाही आहे. तसं यंत्र उद्या आपल्या रानात आलं, तर त्याच्या चात्यांनाही आधी हरणखुरीतूनच वाट काढावी लागेल.