लोकल (ट्रेन नव्हे!)

मुंबईकरांना 'लोकल' म्हटलं की गाडी आठवते. आमच्या पिंपळनेरला (साक्री तालुका, धुळे जिल्हा, पांझरेच्या काठी) रेल्वेच नाही, त्यामुळे तिथे लोकल म्हणजे एकच. दाढ काढायच्या आधी हिरडीत देतात ते इंजेक्शन. बाटलीवर नाव असतं लिग्नोकेन किंवा लिडोकेन, औषध तेच. इतकं साधं की त्याला काही इतिहास असेल असं वाटतसुद्धा नाही. पण आहे, आणि त्यातलं एक महत्त्वाचं प्रकरण मुंबईत परळला लिहिलं गेलंय.

सुरुवात १८८४ ची, व्हिएन्नातली. इथर आणि क्लोरोफॉर्म येऊन तेव्हा पस्तीसेक वर्षं झाली होती, पण त्यात अख्खा माणूस झोपवावा लागे. कार्ल कोलर नावाच्या तरुण डॉक्टरला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी फक्त डोळा बधिर करणारं काहीतरी हवं होतं. त्याचा मित्र सिग्मंड फ्रॉइड (हो, तोच!) कोकेनवर अभ्यास करत होता, पण वेगळ्याच कारणासाठी. कोकेनने जीभ बधिर होते हे कोलरच्या डोक्यात पक्कं बसलं. त्याने आधी बेडकाच्या डोळ्यात थेंब टाकून पाहिला, मग स्वतःच्या, आणि आरशासमोर उभं राहून टाचणी लावून बघितली. काही जाणवलं नाही! १५ सप्टेंबर १८८४ ला हायडेलबर्गच्या परिषदेत हा शोध जाहीर झाला, पण निबंध वाचला दुसऱ्याच डॉक्टरने. कोलरकडे प्रवासखर्चाला पैसे नव्हते.

बातमी लगेच न्यूयॉर्कला पोचली. तिथे विल्यम हॉलस्टेड नावाच्या सर्जनने कोकेन थेट नसेजवळ टोचून हात, जबडा वगैरे बधिर करायचं तंत्र बसवलं. प्रयोग कुणावर? स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर. व्हायचं तेच झालं. साहेब कोकेनच्या आहारी गेले, काही सहकारी तर त्यातून वर आलेच नाहीत. हॉलस्टेड कसाबसा सावरला, पण पुढे मॉर्फिन त्याला चिकटलं ते कायमचं.

हाच हॉलस्टेड पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये गेला आणि स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. १८९४ च्या त्याच्या निबंधात ५० रुग्णांची माहिती आहे. कर्करोग गाठीपासून क्रमाक्रमाने बाहेर सरकतो, तेव्हा जितकं जास्त काढाल तितकं बरं, असा त्याचा हिशोब. म्हणून स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं काढायचं. जवळजवळ पाऊण शतक जगभरच्या बायकांनी हे सोसलं. मग अमेरिकेत बर्नार्ड फिशरने १९७० च्या दशकात चाचण्या सुरू केल्या आणि हळूहळू सिद्ध झालं की कमी कापलं तरी जगण्याचं प्रमाण तेवढंच राहतं. ज्यांच्यात रोग परत येतो, त्यांच्या पेशी बहुधा आधीच रक्तातून पुढे गेलेल्या असतात.

आता गंमत बघा. बधिर करणारी सुई आणि स्तनाचं ऑपरेशन, दोन्ही एकाच माणसाच्या हातात होतं. पण बधिर करणं म्हणजे दुखणं थांबवणं आणि ऑपरेशन म्हणजे रोग काढणं, असे दोन वेगळे कप्पे झाले आणि तसेच राहिले. मधल्या काळात कोकेनची जागा आधी प्रोकेनने घेतली आणि मग स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेनने १९४३ मध्ये लिडोकेन बनवलं. त्याचा जोडीदार बेंग्ट लुंडक्विस्ट, त्यानेही ते स्वतःलाच टोचून पाहिलं (या क्षेत्रातल्या लोकांना उंदीर मिळत नसावेत). १९४८ मध्ये 'झायलोकेन' नावाने ते बाजारात आलं.

हे कप्पे फोडले टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांनी. त्यांचा माग लंडनपासून निघतो. १९९१ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या २४९ रुग्णांच्या नोंदींवरून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की पाळीच्या चक्रात ऑपरेशन कुठल्या दिवसांत झालं यावर दहा वर्षांनंतरचं जगणं बदलताना दिसतंय. इतरांच्या आकड्यांत ते नेहमी दिसलं नाही, वाद झाला. भारतात त्यांनी ऑपरेशनआधी प्रोजेस्टेरॉनचं एकच इंजेक्शन देऊन सुमारे हजार महिलांवर चाचणी केली. २०११ चा निकाल असा, की सगळ्या मिळून ठोस फायदा नाही, काखेत रोग पोचलेल्या गटात मात्र आशा. पण मूळ प्रश्न टिकला. ऑपरेशनच्या त्या तासाभरातच काही बिघडत असेल का? आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे पटकन पटतं. सिस्टीम वर्षभर नीट चालते आणि डिप्लॉय करतानाच मार खाते.

२०११ च्या डिसेंबरात पुढची चाचणी सुरू झाली. देशातली ११ रुग्णालयं, १,६०० महिला. निम्म्यांना नेहमीचं ऑपरेशन. बाकीच्यांना भूल दिल्यावर, चिरा द्यायच्या आधी, गाठीच्या सहाही बाजूंनी ०.५ टक्के लिडोकेन टोचायचं आणि ७ ते १० मिनिटं थांबायचं. दुखू नये म्हणून नव्हे, रुग्ण तर झोपलेलीच असते! कल्पना अशी की लिडोकेन नसांतले सोडियमचे दरवाजे बंद करतं आणि तसेच दरवाजे कर्करोगाच्या पेशींवरही असतात, हलायला-पसरायला त्यांना ते उपयोगी पडतात. २०२२ मध्ये पॅरिसच्या परिषदेत निकाल आला, २०२३ मध्ये तो छापून आला. पाच वर्षांनी हयात असलेल्या महिला ८६.४ टक्क्यांऐवजी ९०.१ टक्के. म्हणजे शंभरात जवळपास चार जणी जास्त. खर्च शंभर रुपयांच्या आत.

लगेच नाचायला नको. भुलेचा प्रकार बदलला तर कर्करोग परतणं कमी होतं, असं २००६ मध्ये आयर्लंडच्या १२९ रुग्णांच्या जुन्या नोंदींवरून दिसलं होतं आणि बरीच चर्चा झाली होती. मग २,१०८ महिलांवर रीतसर चाचणी झाली आणि २०१९ मध्ये उत्तर आलं की काहीही फरक नाही. तिथे औषध पाठीजवळच्या नसांना दिलं होतं, इथे थेट गाठीभोवती, हा फरक मोठा आहे हे मान्य. पण मुंबईच्या चाचणीत दुसऱ्या गटाला नुसत्या पाण्याचं इंजेक्शन दिलेलं नव्हतं आणि कुणाला काय मिळालं हे सर्जनला माहीत होतं. दुसऱ्या देशात कुणीतरी हे परत करून दाखवायला हवं. करणार कोण? लिडोकेनचं पेटंट संपून जमाना झाला, कुठल्या कंपनीला त्यात रस? टाटा मेमोरियल अणुऊर्जा खात्याच्या पैशावर चालतं म्हणून इथे तरी ते झालं. माझ्या मते ही बातमी आपल्याकडे जेवढी गाजायला हवी होती, तेवढी गाजली नाही.

आमच्याकडे बायका गाठ दाखवत नाहीत त्याचं कारण अहिराणीत एका वाक्यात सांगतात: "दुखत नही ना, मंग कसाले दखाडानं?" सुरुवातीची गाठ बहुतेकदा दुखत नाही, हाच घोटाळा. पिंपळनेरहून धुळ्याला किंवा नाशिकला जाईपर्यंत महिने गेलेले असतात. आणि ही चाचणी होती ती लवकर सापडलेल्या, केमो न देता आधी थेट ऑपरेशन होणाऱ्या गाठींसाठी. उशिरा पोचलेल्या बाईला बऱ्याचदा आधी केमो द्यावी लागते. त्यांच्यासाठी हे इंजेक्शन उपयोगाचं आहे का, याचं उत्तर या १,६०० जणींच्या आकड्यांत नाही.