‘कारण’ या रकान्यात काय लिहायचं? : गांजा, वेड आणि १८९३चा आयोग

गेल्या रमजानच्या आधी एका जुन्या विद्यार्थ्याचा निरोप आला. हा मुलगा चाकणला एका कारखान्यात आहे. दीड वर्षापासून उदासीनतेच्या गोळ्या घेतोय, हे मला ठाऊक होतं. त्याने एका बाटलीचा फोटो पाठवला होता. लेबलवर पाच-सात बोटांचं हिरवं पान आणि खाली ‘विजया’ हे नाव. दोन थेंब जिभेखाली ठेवायचे, मन शांत, झोप गाढ, शिवाय हजारो वर्षांचा वारसा वगैरे. खाली त्याने लिहिलं होतं, “सर, गोळ्या बंद करून हे सुरू करू का? आणि हे हराम तर नाही ना?”

मी डॉक्टर नाही आणि मुफ्तीही नाही. उर्दू आणि मराठी शिकवणारा मास्तर आहे. दुसरा कुणी असता तर “डॉक्टरांना विचार” एवढं लिहून मोकळा झालो असतो. पण या पानाशी आमच्या घराचं जुनं देणंघेणं आहे. म्हणून आधी वाचायला बसलो आणि उत्तर आठवड्याने दिलं. त्या आठवड्याचं वाचन इथे मांडतो आहे.

मामूचा कागद

आमचं सिद्धेश्वर पूर्णा नदीच्या धरणामुळे ओळखलं जातं. औंढा नागनाथ जवळच, त्यामुळे महाशिवरात्र, थंडाई, भांग हे शब्द इथल्या हिंदू-मुसलमान कुणालाच नवे नाहीत. भांगेला कुणी फार वाईट म्हणत नाही. गांजाची चिलीम मात्र वेगळी. “गंजेडी” म्हटलं की माणूस संपला.

माझे थोरले मामू असेच संपले, असं आम्ही लहानपणी ऐकत आलो. “गांजे ने दिमाग खाया,” हे नानीचं ठरलेलं वाक्य. मीसुद्धा शाळेत मित्रांना तेच सांगायचो. मामू ओसरीवर बसून स्वतःशीच बोलायचे, तेव्हा आम्ही पोरं लांबून हसायचो. ते आठवलं की आज मान खाली जाते.

नानीच्या इंतकालनंतर तिची पेटी उघडली. त्यात एका सरकारी इस्पितळाचा पिवळा पडलेला कागद निघाला. मामूचं नाव, वय, गाव आणि पुढे ‘कारण’ असा रकाना. त्यात एकच शब्द होता : गांजा.

कागद खालाला वाचून दाखवला तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “चिलीम तर नंतर आली रे. तुझी मामी बाळंतपणात गेली, बाळही गेलं. त्यानंतर चार-पाच महिने भाईजान रात्र रात्र झोपत नव्हते. एकटेच बोलायचे. चिलीम त्यानंतर.” मी विचारलं, हे तिथे कुणी सांगितलं नाही का? ती म्हणाली, “कुणी विचारलंच नाही.”

तो कागद डोक्यात असतानाच १८९३चा आयोग वाचला, म्हणून तो इतका लागला.

पार्लमेंटमधला एक प्रश्न

१८९३च्या मार्च महिन्यात ब्रिटिश पार्लमेंटमध्ये विल्यम केन या खासदाराने हिंदुस्थानातल्या गांजाचा प्रश्न उपस्थित केला. केन दारूबंदीच्या चळवळीतले. त्या काळी अफूच्या व्यापाराविरुद्धही तिकडे वातावरण तापलेलं होतं. गांजामुळे लोक वेडे होतात, हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं गांजेकसांनी भरली आहेत, अशी समजूत पसरली होती. सरकारने जुलैमध्ये ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमलं. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. सदस्यांमध्ये तीन हिंदी गृहस्थ होते : राजा शशिशेखरेश्वर रॉय, कंवर हरनाम सिंग आणि लाला निहालचंद.

ऑगस्ट १८९३मध्ये कलकत्त्यात काम सुरू झालं आणि वर्षभरात अहवाल तयार झाला. आयोगाने ११९३ साक्षीदार तपासले. त्यांत डॉक्टर होते, कलेक्टर होते, वैद्य-हकीम, शेतकरी, ठेकेदार, मिशनरीही होते. सगळं मिळून सात खंड झाले. शेवटच्या खंडात मुंबई इलाखा आणि वऱ्हाडातल्या साक्षी आहेत. मुंबई इलाख्यात गांजाचं मुख्य पीक अहमदनगर जिल्ह्यात होतं आणि मध्य प्रांतात खांडव्याच्या बाजूला. आमचं हिंगोली तेव्हा निजामाच्या मुलखात होतं. पण पलीकडचं वाशीम वऱ्हाडात येत होतं. म्हणजे चौकशी आमच्या उंबऱ्यापर्यंत आली होती.

आयोगापुढचा सर्वांत अवघड प्रश्न होता : गांजाने वेड लागतं का? पुरावा म्हणून सगळे एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होते. वेड्यांच्या इस्पितळांचे वार्षिक तक्ते. त्यात दर वर्षी ‘गांजा’ या कारणाखाली मोठा आकडा असायचा. आयोगाने तो आकडा तसाच उचलला नाही. हा आकडा तयार कसा होतो, ते आधी पाहिलं.

रस्त्यावर भरकटलेला माणूस पोलीस पकडून आणत. त्याच्यासोबत एक छापील फॉर्म येई. त्यात वेडाचं कारण लिहायचा रकाना होता. माणूस अनोळखी, नातेवाईक दूर, त्याला स्वतःला काही सांगता येत नाही. ‘माहीत नाही’ असं लिहिलं तर वरून विचारणा होणार. गांजा ओढणारे तर गावोगाव होते. तेव्हा शिपाई लिहून टाकायचा : गांजा. इस्पितळातला साहेब तेच रजिस्टरात उतरवायचा. रजिस्टरावरून तक्ता, तक्त्यावरून अहवाल, अहवालावरून लंडनमधलं भाषण.

आयोगाने १८९२ या एका वर्षाचे रुग्ण घेतले. त्या वर्षी इस्पितळांत १३४४ जण दाखल झाले होते. त्यांतल्या २२२ जणांचं वेड गांजा-चरस-भांगेच्या खात्यावर टाकलेलं होतं. या प्रत्येकाची नव्याने चौकशी झाली. त्याच्या मुलखात विचारपूस केली गेली, घराण्यात वेडाचा इतिहास आहे का, फेफरं होतं का, दारू-अफूचं व्यसन होतं का, हे पाहिलं गेलं. चौकशीअंती २२२ पैकी ९८ जणांच्या बाबतीतच गांजाचा संबंध मान्य करण्याजोगा राहिला. त्यातही दुसरं कुठलंच कारण सोबतीला नाही, असे फक्त ६१ उरले.

निम्म्याहून जास्त आकडा चौकशीत गळून गेला, पण ६१ उरलेच. इथे प्रामाणिक राहायला हवं. आजकाल गांजाचे कैवारी हा अहवाल ‘गांजा निर्दोष सुटला’ अशा थाटात सांगतात. आयोगाने तसं म्हटलेलं नाही. बेताने घेतलं तर बहुतेकांच्या मनावर वाईट परिणाम दिसत नाही, अतिरेकाने मात्र मन बिघडू शकतं, आणि ज्याच्या प्रकृतीतच कमकुवतपणा आहे त्याला धोका अधिक, असा त्याचा निष्कर्ष होता. शिफारस बंदीची नव्हती, कर आणि परवान्याने आळा घालण्याची होती. त्यामागे सरकारी तिजोरीचाही विचार होता, हे विसरू नये. रॉय आणि निहालचंद या दोन हिंदी सदस्यांनी आपली असहमतीची टिपणं जोडली, हेही विसरू नये.

इतिहासकार जेम्स मिल्स यांनी या सगळ्यावर सविस्तर लिहिलं आहे. त्यांचं म्हणणं असं की, साहेब डॉक्टरांनी इस्पितळात दिसलेल्या गांजेकसावरून सगळ्या हिंदुस्थानातला गांजेकस रंगवला. हे वाचताना मला नानीची पेटी आठवत होती.

आपल्याकडची जुनी चर्चा

“हजारो वर्षांचा वारसा” हे जाहिरातीतलं वाक्य पूर्ण खोटं नाही, पण अर्धवट आहे. अथर्ववेदात ‘भंग’ नावाच्या वनस्पतीचा उल्लेख आहे. आयुर्वेदात शार्ङ्गधराने भांगेला अफूसोबत बसवलं आहे, पचण्याआधीच अंगभर पसरणारी द्रव्यं म्हणून. युनानी हकिमांनी तिला ‘वरक-उल-खयाल’ असं सुंदर नाव दिलं, म्हणजे कल्पनेचं पान. पण तेराव्या शतकातला औषधीतज्ज्ञ इब्न अल-बैतार इजिप्तच्या फकिरांबद्दल लिहिताना, जास्त घेतल्यास बुद्धी बिघडते असंही नोंदवून ठेवतो. स्तुती आणि इशारा हे आपल्या परंपरेत नेहमी जोडीने आलेले आहेत. जाहिरात त्यातली फक्त स्तुती उचलते.

फुकहांमध्येही एकच मत नव्हतं. इब्न तैमिया अत्यंत कडक होते, त्यांनी हशीशला दारूच्या रांगेत उभं केलं. कैरोचे मालिकी फकीह अल-कराफी यांनी बुद्धी बिघडवणारी वस्तू आणि दारूसारखी मस्ती आणणारी वस्तू यांत फरक केला. हशीश वाईट, शिक्षेस पात्र, पण शिक्षा दारूची नव्हे. चौदाव्या शतकात अज-जरकशी यांनी हशीशच्या निषिद्धतेवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली, आणि त्यातही औषध म्हणून गरज पडली तर काय, हा प्रश्न टाळला नाही. नशा आणि इलाज हे वेगळे मसले आहेत, हे आपल्या विद्वानांना सातशे वर्षांपूर्वी कळत होतं. आज व्हॉट्सअ‍ॅपवर एका ओळीत फतवा मिळतो.

गोव्यात १५६३मध्ये गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने हिंदुस्थानी औषधांवर संवादरूप ग्रंथ छापला. अहमदनगरच्या निजामशाही दरबारात त्याचं येणं-जाणं होतं. भांगेबद्दल तो गुजरातच्या सुलतान बहादूरशाहाची गोष्ट सांगतो. रात्री पोर्तुगाल, तुर्कस्तान, अरबस्तान फिरून यावंसं वाटलं की आपण थोडी भांग खातो, असं सुलतान म्हणे.

आधुनिक वैद्यकात या पानाला नेलं ते डब्ल्यू. बी. ओशॉनेसी यांनी, १८३९मध्ये कलकत्त्यात. धनुर्वात, संधिवात, आचके यांवर त्यांनी प्रयोग केले. माहितीसाठी त्यांनी देशी जाणकारांना विचारलं. त्यांत हुगळी इमामबाड्याचे मुतवल्ली सय्यद करामत अली होते आणि एक इराणी हकीमही. ओशॉनेसींनी आपल्या निबंधात त्यांचे आभार मानले. सततच्या सेवनाने होणाऱ्या भ्रमाबद्दलही त्याच निबंधात लिहिलं.

विज्ञान आज काय म्हणतं?

या वनस्पतीत शेकड्याने द्रव्यं आहेत. त्यांतली दोन मुख्य. नशा आणणारं टीएचसी, आणि नशा न आणणारं सीबीडी. १९६४मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी टीएचसी वेगळं काढून त्याची रचना सांगितली. पुढे मेंदूत या द्रव्याला प्रतिसाद देणाऱ्या जागा सापडल्या. १९९२मध्ये शरीर स्वतःच तसं एक द्रव्य तयार करतं, हे कळलं. शोधणाऱ्यांनी त्याचं नाव संस्कृतवरून ठेवलं : आनंदामाइड. नाव ऐकून वाटतं, आता आनंदाची किल्ली सापडली.

तसं झालेलं नाही. सीबीडीचं शुद्ध औषध अमेरिकेत २०१८मध्ये मान्य झालं, ते लहान मुलांत सुरू होणाऱ्या अपस्माराच्या दोन दुर्मीळ प्रकारांसाठी. उदासीनता किंवा चिंतारोगासाठी नाही. २०१९मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त मानसिक आजारांवरच्या ८३ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. शिफारस करावी इतका पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष. उलट बाजूला १९८७चा स्वीडनमधला अभ्यास आहे. लष्करात भरती झालेल्या ४५ हजारांहून जास्त तरुणांमध्ये, पन्नासहून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांना पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचं प्रमाण सहापट आढळलं. यातली सगळीच वाढ गांजामुळे का, यावर वाद आहे. पण आयोगाचे ते ६१ इथे पुन्हा भेटतात.

कायद्याचंही थोडक्यात. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांग राज्यांच्या अखत्यारीत राहिली आणि पानापासूनची ‘विजया’ आयुर्वेदिक औषध म्हणून विकली जाते. पण औषधांच्या नियमांतल्या विषारी द्रव्यांच्या यादीत भांगेचं नाव आहे. म्हणजे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची वस्तू. मोबाईलवर बोट दाबून मागवायची नाही.

मी दिलेलं उत्तर

त्या मुलाला मी लिहिलं :

“गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नकोस, अचानक तर मुळीच नाही. हे तेल गोळ्यांसोबतही परस्पर घेऊ नकोस, सीबीडी यकृतात जाऊन काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. बाटली घेऊन तुझ्या डॉक्टरांकडे जा आणि ती टेबलावर ठेव. लाज वाटून घेऊ नकोस. हराम-हलालचं विचारतोस, तर इलाजाचा मसला आधी जाणत्या डॉक्टरला आणि मग जाणत्या आलिमला विचारायचा असतो, जाहिरातीला नाही. तुझ्या गोळ्या हा इलाज आहे, त्याबद्दल मनात अपराधी भाव ठेवू नकोस. रात्री फार जड झालं तर १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, मोफत आहे. आणि मला फोन कर. झोप कधीपासून गेली, तेव्हा काय घडलं होतं, ते सांग.”

शेवटची ओळ मी मामूसाठी लिहिली होती. सव्वाशे वर्षांपूर्वी शिपायाने ‘कारण’ या रकान्यात न विचारता गांजा लिहिला. आज बाटलीवाला ‘उपाय’ या रकान्यात न विचारता तेच पान छापतो. दोन्हीकडे माणसाला कुणी विचारलेलं नसतं.

त्याच रात्री त्याचा फोन आला. पाऊण तास बोलला. तेलाचा विषय निघाला तो अगदी शेवटी. त्याआधी तो वडिलांबद्दल बोलत होता.

मामूचा कागद मी पुन्हा पेटीत ठेवला आहे. त्यावर काही लिहिलं नाही, तो सरकारी कागद आहे. पण घरात आता मामूंचा विषय निघाला की मी मुलांना मामीचं आणि त्या बाळाचं आधी सांगतो. चिलीम नंतर येते.