दुचाकीचं पक्कं लायसन: रोज गाडी चालवणाऱ्याचाही चाचणीत पाय का टेकतो?

तालुक्याच्या गावी परिवहन विभागाचा कॅम्प असला की सकाळपासूनच मैदानाच्या कडेला दुचाक्यांची रांग लागते. रांगेतल्या बऱ्याच जणांना गाडी शिकून पाच-दहा वर्षं झालेली असतात. डेअरीला दूध घालणं, खताची गोणी आणणं, पोरांना शाळेत सोडणं, सगळं दुचाकीवरच चालतं. तरीही आठाच्या आकड्यावर गाडी घातली की दुसऱ्याच वळणाला पाय खाली येतो, नाहीतर गाडी बंद पडते. मग पुढची तारीख घ्यावी लागते. यात लाजण्यासारखं काही नाही. गावच्या रस्त्यावर गाडी पळवायची सवय लागते, हळू चालवायची लागत नाही. चाचणी मात्र हळू चालवण्याचीच असते.

लायसन नाही म्हटलं की लोकांना आधी पोलिसांचा दंड आठवतो. तो आहेच. विनालायसन गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८१ नुसार ५००० रुपये, आणि गाडी दुसऱ्याची असेल तर कलम १८० नुसार मालकालाही ५००० रुपये. पण खरा फटका अपघातानंतर बसतो. गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. गाडी ज्याच्या नावावर आहे तोच चालवत असेल आणि त्याच्याकडे त्या गाडीचं वैध लायसन असेल, तरच तो लागू होतो. म्हणजे बापाच्या नावावरची गाडी पोराने चालवली तर हा विमा पोराच्या कामाचा नाही, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर वारसांना २ लाख रुपये मिळतात. पण मृत शेतकरी स्वतः गाडी चालवत असेल तर त्याचं लायसन मागितलं जातं. घरचे लोक पंचनामा, पोस्टमार्टमचा अहवाल, सातबारा सगळं गोळा करतात आणि लायसनपाशी येऊन थांबतात. समोरच्याला मार लागला असेल तर आणखी अवघड. चालकाकडे लायसन नव्हतं अशा प्रकरणांत विमा कंपनीने भरपाई आधी भरावी आणि नंतर गाडीमालकाकडून वसूल करावी, असे निकाल न्यायालयांनी दिलेले आहेत. ती वसुली शेवटी जमिनीवर येते.

आधी लर्निंग

गिअरच्या दुचाकीला वय १८ पूर्ण लागतं. सोळाव्या वर्षी मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, आणि तशी गाडी आता बाजारात शोधूनही सापडणं मुश्कील. त्यामुळे अकरावी-बारावीच्या पोराच्या हातात शंभर सीसीची गाडी देणं हे बेकायदाच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रकरणात पालकाला किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. पोरगं कॉलेजला एसटीने गेलेलं परवडतं.

लर्निंगचा अर्ज ‘सारथी’ या सरकारी संकेतस्थळावर होतो. महाराष्ट्रात २०२१ पासून आधारच्या आधारे घरबसल्या परीक्षा देता येते. इथे गावाकडची नेहमीची अडचण म्हणजे ओटीपी. आधारला जोडलेला नंबर दहा वर्षांपूर्वीच्या, कधीच बंद पडलेल्या सिमचा निघतो आणि सेवा केंद्रात बसून अर्धा दिवस जातो. म्हणून अर्जाच्या आधी आधार केंद्रावर जाऊन चालू नंबर जोडून घ्यावा, आणि नाव व जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळते का तेही बघावं. वय चाळिशीच्या पुढे असेल तर डॉक्टरांचा दाखला (फॉर्म १ए) लागतो.

परीक्षेत १५ प्रश्न असतात, त्यातले ९ बरोबर आले की पास. बहुतेक प्रश्न रस्त्यावरच्या चिन्हांचे. त्याला सोपी खूण अशी: लाल कडेचा त्रिकोण म्हणजे पुढे धोका आहे हा इशारा, गोल म्हणजे आदेश, निळा चौकोन म्हणजे माहिती. लाल कडेच्या गोलात काय करू नका ते, भरीव निळ्या गोलात काय केलंच पाहिजे ते. उलटा त्रिकोण दिसला तर समोरच्याला आधी जाऊ द्या. परीक्षा भाच्याने किंवा केंद्रवाल्याने देऊन टाकली तर लर्निंग निघेलही, पण पक्क्या चाचणीला निरीक्षक तीच चिन्हं तोंडी विचारू शकतात.

सरकारी शुल्क फार नाही. लर्निंगला एका प्रकारच्या वाहनाचे १५० आणि परीक्षेचे ५० रुपये. पक्क्याला चाचणीचे ३०० आणि लायसनचे २००, वर कार्ड आणि सेवेचे थोडे पैसे. भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती निघते. एजंट सांगतो तो आकडा आणि पावतीवरचा आकडा शेजारी ठेवून बघितला तर बरंच कळतं.

लर्निंग सहा महिने चालतं आणि पक्की चाचणी ३० दिवस झाल्यावरच देता येते. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, पाथर्डी या पट्ट्यातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची गाठ इथेच पडते. दसऱ्याला लर्निंग काढायचं, दिवाळीच्या आगेमागे कारखान्यावर जायचं, आणि परत येईपर्यंत पाडवा उजाडतो. तोवर सहा महिने संपत आलेले असतात. सगळे पैसे पुन्हा. तोडीला जाणाऱ्यांनी परत आल्याबरोबर, चैत्र-वैशाखात लर्निंग काढलं तर पावसाच्या आत चाचणी उरकते. कॅम्पची तारीख ऑनलाइन घ्यावी लागते आणि जागा लवकर भरतात, म्हणून तिसावा दिवस उलटला की लगेच तारीख बघावी.

सराव कुठे आणि कसा

लर्निंग हातात येईपर्यंत रस्त्यावर गाडी काढायची नाही. नंतरही पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावायचा, आणि मागे बसवायचा तो फक्त लायसन असलेला शिकवणारा. बायको, मित्र, पोरं कोणी नाही. सरावाला रविवारी शाळेचं मैदान किंवा बाजार नसलेल्या दिवशी मार्केट यार्ड चांगलं. कापणी झालेलं टणक रानही चालतं, पण तिथे माती मोकळी असेल तर नवशिक्याची गाडी घसरते.

अगदी नवीन माणसाने पहिल्या दिवशी गाडी सुरूच करू नये. इंजिन बंद ठेवून गाडी ढकलत नेणं, वळवणं, स्टँडवर लावणं, उतरवणं एवढंच करावं. शंभर किलोच्या वर वजन आहे, ते कोणत्या बाजूला झुकतं हे हातांना कळलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी क्लच. पहिला गिअर टाकायचा, रेस न देता क्लच इंच-इंच सोडायचा, गाडी पुढे ओढू लागली की तिथेच थांबायचं. त्या जागेलाच हाफ क्लच म्हणतात. ती जागा बोटांना सापडली की गाडी बंद पडायचं थांबतं. पन्नास-साठ वेळा केलं की सापडते.

बायका आता मोठ्या संख्येने गाडी शिकतायत. आशाताई, बचत गटाच्या ताई, डेअरीला जाणाऱ्या बायका. त्यांना बहुतेक वेळा घरचाच माणूस शिकवतो आणि मागून सारखा ओरडतो. ओरडण्याने हात आखडतात आणि आखडलेल्या हाताने क्लच सुटत नाही. शिकवणाऱ्याने बाजूला उभं राहून एका वेळी एकच गोष्ट सांगावी. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतील अशी गाडी शिकायला घ्यावी. साडीचा पदर किंवा ओढणी कमरेला घट्ट खोचून मगच बसावं. एक गोष्ट आधीच ठरवावी: स्कूटीवर चाचणी दिली तर लायसन बिनगिअरच्या गाडीचं निघतं. त्यावर घरची गिअरची गाडी चालवली तर कायद्याने ते विनालायसनच धरतात.

ज्यांना गाडी येते त्यांनी थेट हळू चालवण्यापासून सुरुवात करावी. चुन्याने हातभर रुंदीचा आणि वीस-पंचवीस पावलं लांबीचा पट्टा आखा. त्यातून पाय न टेकता पलीकडे जायचं, पण जितका जास्त वेळ लागेल तितकं चांगलं. पहिल्या दिवशी पाच-सहा सेकंदांत पार होतो. पंधरा सेकंद लागायला लागले म्हणजे तोल आला. मग एकच गोल, आधी डावीकडून, नंतर उजवीकडून. प्रत्येकाची एक बाजू कच्ची असते. त्या बाजूला दुप्पट फेऱ्या माराव्यात.

मग आठ. हा आपला मराठी आठ नव्हे. एकमेकींना चिकटून ठेवलेल्या दोन भाकरींसारखा इंग्रजी आठ असतो. दोन गोल आखा, मध्ये विटा ठेवा, सुरुवातीला मोठे आणि रोज थोडे लहान करत जा. गाडी पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लच, रेस एकसारखी. वेग जास्त वाटला तर मागचा ब्रेक पायाने हलका दाबून ठेवायचा, रेस कमी-जास्त करत बसायचं नाही. वळणात हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी जागेवर बसते, आणि पाय टेकतो तो बहुतेक याच चुकीने. दुसरी चूक नजरेची. माणूस पुढच्या चाकाकडे बघतो. नजर जिथे जायचं तिथे, म्हणजे अर्धा गोल पुढे हवी. गाडी नजरेच्या मागे येते. गुडघे टाकीला चिकटलेले आणि खांदे सैल ठेवायचे.

पुढच्या ब्रेकबद्दल गावात एक भीती आहे, तो दाबला की माणूस उलटा पडतो. त्यामुळे कित्येक जण वर्षानुवर्षं एकट्या मागच्या ब्रेकवर चालवतात. गाडी थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून सरळ, कोरड्या रस्त्यावर थांबवण्याची जास्त ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. हँडल सरळ ठेवून, मागच्यासोबत, दुधाची धार काढतो तसा हळूहळू दाबत नेला तर कोणी पडत नाही. खडीवर आणि चिखलात मात्र अगदी हलका. २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, पण गावात निम्म्या गाड्या त्याआधीच्या आहेत.

हाताचे इशारेही येथेच घोटावेत. उजवीकडे वळताना उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा, तळवा पुढे. डावीकडे वळताना तोच हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट फिरवायचा. हळू होताना तळवा खाली करून वर-खाली, थांबताना हात उभा वर. रेसही त्याच हातात असते, म्हणून इशारा वळणाच्या बराच आधी देऊन हात परत हँडलवर आणावा लागतो. आरशात बघून, मान वळवून, मगच वळायचं.

चाचणीच्या दिवशी

गाडी स्वतःची न्यावी लागते आणि तिचे कागद चालू हवेत: आरसी, विमा, पीयूसी. हॉर्न, इंडिकेटर, मागचा ब्रेक लाइट आदल्या दिवशी बघून घ्या. आरसे काढून घरात ठेवण्याची पोरांना फार हौस असते, ते परत बसवा. आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट घालून पट्टा लावा. गाडी शेजाऱ्याची आणणार असाल तर ती आधी दोन-तीन दिवस चालवा, कारण प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या जागी धरतो. निरीक्षक सांगेपर्यंत सुरुवात करू नये, आणि नीट ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारावं. घाई करणाराच आकड्याची रेष कापतो.

नापास झाला तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीन वेळा नापास झालात तर मात्र शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावं लागतं.

रस्त्यावरच्या एका गोष्टीची चाचणी होत नाही, ती म्हणजे रात्र. गाळपाच्या दिवसांत मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर अशी उसाची ट्रॉली अंधारात उभी असते. समोरून गाडीचा झोत आला की ती दिसतच नाही. अशा वेळी स्वतःची लाइट खाली करायची, रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवायची आणि रेस सोडायची. आपल्या लाइटच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात गाडी थांबेल इतकाच वेग धरायचा. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना लावले असतील तर थांबायला अंतर जास्त लागतं. अर्धवट भरलेल्या कॅनमधलं दूध वळणात हेलकावतं आणि गाडी ओढतं.

पास झाल्यावर कार्ड पोस्टाने अर्जातल्या पत्त्यावर येतं. वाडी-वस्तीचं नाव अर्जात नीट लिहिलेलं नसेल तर ते परत जातं, म्हणून पोस्टमनला ओळखीची खूण आणि चालू मोबाइल नंबर पत्त्यात टाकावा. कार्ड येईपर्यंत डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये दिसणारं लायसन पोलिसांना दाखवता येतं. तिशीच्या आत काढलेलं लायसन वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं, तिशी ते पन्नाशीत काढलेलं दहा वर्षं. मुदत कार्डावर छापलेली असते.