वीजदर कोण ठरवते? महाराष्ट्रातील एका नियामक सुधारणेचा इतिहास

१/ राधानगरी धरणाचे काम राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतले. त्या धरणाने भोगावती आणि पंचगंगेच्या काठाला पाणी दिले. परंतु नदीतील पाणी वरच्या उसाच्या फडापर्यंत चढवायचे तर पंप लागतो आणि पंपाला वीज लागते. इचलकरंजीचा यंत्रमागही विजेवरच चालतो. त्यामुळे विजेचा दर कोण आणि कसा ठरवतो, हा या जिल्ह्यात पोटापाण्याचा प्रश्न आहे. त्याचा हा इतिहास.

२/ १९४८ च्या विद्युत (पुरवठा) अधिनियमाने राज्य वीज मंडळांची रचना घालून दिली. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० साली अस्तित्वात आले. निर्मिती, पारेषण आणि वितरण ही तिन्ही कामे त्याच्याकडेच होती. कायद्याच्या अक्षरानुसार दर मंडळ ठरवी. प्रत्यक्षात शासनाच्या मर्जीबाहेर दर हलत नसे. विकणारा, हिशेब मांडणारा आणि दर ठरवणारा एकच. ग्राहकाला विचारण्याची तरतूदच नव्हती.

३/ या रचनेची किंमत दाभोळ प्रकरणात उघड झाली. एन्रॉनच्या प्रकल्पाशी मंडळाने डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करार केला. त्यावर जाहीर सुनावणी झाली नाही. १९९५ मध्ये नव्या शासनाने प्रकल्प रद्द केला आणि पुढे फेरवाटाघाटी करून पुन्हा स्वीकारला. १९९९ मध्ये वीज आली, ती मंडळाला न पेलणाऱ्या दराने. मे २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबवली. दोन पक्षांच्या शासनांनी घेतलेल्या निर्णयांचा भार अखेर जनतेवरच पडला.

४/ दरम्यान देशात वारे बदलले होते. ओडिशाने १९९५ मध्ये वीजसुधारणा कायदा करून स्वतंत्र नियामक आयोगाची वाट दाखवली. संसदेने १९९८ मध्ये विद्युत नियामक आयोग अधिनियम संमत केला. त्यानुसार ऑगस्ट १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. दर ठरवण्याचा अधिकार मंडळाकडून आयोगाकडे गेला आणि कामकाज पारदर्शक ठेवणे हे कायदेशीर कर्तव्य ठरले.

५/ या बदलाचे पहिले मोठे फळ म्हणजे एका जुन्या आकड्याचा उलगडा. मंडळ अनेक वर्षे आपली पारेषण व वितरण गळती वीस टक्क्यांच्या आत दाखवत असे. आयोगापुढे हिशेब तपासला जाऊ लागला, तेव्हा ती तीस टक्क्यांच्याही वर असल्याचे समोर आले.

६/ एवढी गळती इतकी वर्षे लपली कुठे? शेतीपंपांच्या नावाखाली. बहुतेक पंपांना मीटर नव्हते आणि आकारणी अश्वशक्तीवर होई. त्यामुळे शेतकऱ्याने किती युनिट वापरले, हा मोजमापाचा नव्हे तर अंदाजाचा विषय होता. हा अंदाज फुगवला की चोरी आणि गळती त्यात सामावून जाई. शेतकरी फुकट वीज खातो, या समजुतीला कागदी आधार मिळाला तो येथून.

७/ हा उलगडा आयोगाने एकट्याने केला नाही. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या अभ्यासगटांनी मंडळाचे कागद वाचून प्रश्न विचारले. कोल्हापुरात प्रा. एन. डी. पाटील यांनी शेतकऱ्यांच्या वीजदराचा लढा रस्त्यावर नेला. इचलकरंजीचे प्रताप होगाडे यांनी वीज ग्राहक संघटनेच्या माध्यमातून तोच प्रश्न आयोगापुढे आकडेवारीनिशी मांडला. मोर्चा आणि याचिका ही येथे एकाच लढ्याची दोन अंगे होती.

८/ २००३ च्या विद्युत अधिनियमाने ही रचना अधिक पक्की केली. दरवाढीचा प्रस्ताव प्रसिद्ध करून हरकती मागवणे बंधनकारक झाले (कलम ६४). ग्राहकांच्या वतीने बाजू मांडण्यासाठी प्रतिनिधी नेमण्याची मुभा आयोगाला मिळाली (कलम ९४). तक्रार निवारण मंच आणि विद्युत लोकपाल आले (कलम ४२). शासनाला एखाद्या वर्गास सवलत द्यायची असेल, तर तिची रक्कम आगाऊ भरावी असे ठरले (कलम ६५). आयोगाच्या आदेशावरील अपिलासाठी स्वतंत्र न्यायाधिकरणाची तरतूद झाली.

९/ जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन सूत्रधारी कंपनी, महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या चार कंपन्या झाल्या. आता कोणत्या टप्प्यावर किती खर्च झाला, हे वेगवेगळे तपासता येऊ लागले. मात्र चारही कंपन्यांची मालकी शासनाकडेच राहिली.

१०/ सुधारणेची मर्यादा इथेच आहे. ज्या शासनाची कंपनी आयोगापुढे दरवाढ मागते, तेच शासन निवड समितीच्या शिफारशीवरून आयोगाचे सदस्य नेमते. कार्यकाळ पाच वर्षांचा असून त्याच पदावर फेरनेमणूक नाही. हे संरक्षण मोलाचे असले तरी पुरेसे नाही. आयोगाचे काम न्यायनिवाड्याचेही असते, म्हणून एक सदस्य कायद्याच्या क्षेत्रातील असलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१८ मध्ये सांगावे लागले.

११/ दुसरी मर्यादा अंतराची आहे. दरवाढीच्या जाहीर सुनावण्या प्रामुख्याने विभागीय मुख्यालयांत होत आल्या. शिरोळच्या शेतकऱ्याला त्यासाठी पुणे गाठायचे आणि शेकडो पानांच्या याचिकेवर काही मिनिटांत बोलायचे. हक्क कायद्यात असणे आणि तो वापरता येणे, यांत एका दिवसाच्या मजुरीचे आणि एसटीच्या तिकिटाचे अंतर असते.

१२/ मग या सुधारणेने साधले काय? वीज स्वस्त झाली, असे कोणी म्हणणार नाही. साधले ते असे, की दर वाढवणाऱ्याला आता लेखी कारण द्यावे लागते, ते कारण प्रसिद्ध होते आणि त्यावर अपील करता येते. १९९३ मध्ये यांपैकी एकही गोष्ट नव्हती.

१३/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. आयोगाचे दर-आदेश हे आपल्या काळाचे दफ्तर आहे. त्यात हरकत घेणाऱ्याचे म्हणणे, कंपनीचे उत्तर आणि आयोगाचा निर्णय सहसा एकापाठोपाठ नोंदलेला असतो. पेशवे दफ्तर चाळणाऱ्यांनी हेही एकदा उघडून पाहावे. पुढच्या दरवाढीचा प्रस्ताव प्रसिद्ध होईल, तेव्हा हरकत नोंदवण्याचा अधिकार तुम्हालाही आहे.