धातुशोधन, मोबाइल अ‍ॅप आणि ठिकाणाची गोपनीयता : तेरच्या पांढरीतील प्रश्न

धाराशिव शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव वसले आहे. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून वारकऱ्यांना आणि प्राचीन 'तगर' म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना ते परिचित आहे. येथील पांढरीची माती पावसाने धुपली की मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, खापरे, क्वचित एखादे नाणे उघडे पडते. गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा हजारो वस्तू अनेक वर्षे जिद्दीने जमवल्या. त्यांच्या संग्रहातूनच तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले.

त्या काळी वस्तू नेमकी कोठे सापडली, हे सापडणाऱ्याच्या स्मरणापुरते राही. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. धातू शोधण्याचा दावा करणारी आणि सापडलेल्या वस्तूची जागा नकाशावर टिपून ठेवणारी अ‍ॅप्स सहज उपलब्ध आहेत. ती खरोखर काय करतात, त्यांनी टिपलेले ठिकाण कोणाकोणापर्यंत पोहोचू शकते आणि कायदा याविषयी काय सांगतो, हे समजून घेणे तेरसारख्या गावांसाठी अगत्याचे ठरते.

मोबाइल धातू ओळखतो का?

या विषयात दोन वेगळ्या प्रकारच्या अ‍ॅप्सची गल्लत होते. पहिला प्रकार 'मेटल डिटेक्टर' म्हणवणाऱ्या अ‍ॅप्सचा. मोबाइलमध्ये दिशा दाखवण्यासाठी चुंबकीय क्षेत्र मोजणारा एक सूक्ष्म संवेदक असतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जगभर साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असते. महाराष्ट्रात ते ४० च्या आसपास भरते. जवळ लोखंड आले की हा आकडा बदलतो आणि अ‍ॅप आवाज करते. यापलीकडे त्यात कोणतीही किमया नाही.

याचा अर्थ असा, की मोबाइलला खिळा, नाल किंवा विळ्याचे पाते काही सेंटिमीटरवरून कळू शकते. सोने, चांदी, तांबे आणि शिसे मात्र कळत नाही. सातवाहनांची बहुतेक नाणी शिसे, तांबे आणि पोटीन या मिश्रधातूची आहेत. म्हणजे ज्या वस्तूंसाठी तेरची पांढरी प्रसिद्ध आहे, त्यांच्यावर हा मोबाइल ठेवला तरी तो मूकच राहील. भरीस भर म्हणजे मराठवाड्यातील काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. त्यामुळे नुसत्या दगडाजवळही आकडा हलू शकतो. अशा आवाजावर विसंबून कोणी खड्डा खणला, तर हाती काही न लागता मातीचे थर तेवढे मोडतात.

खरे धातुशोधक यंत्र निराळ्या तत्त्वावर चालते. त्याच्या वेटोळ्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडले जाते. त्यामुळे धातूच्या वस्तूत विद्युत्‌प्रवाहाचे भोवरे निर्माण होतात आणि त्यांचा प्रतिसाद यंत्र टिपते. लोखंडाव्यतिरिक्तचे धातूही या यंत्राला कळतात. तरीही नाण्याएवढी वस्तू ते साधारणतः वीत-दीड वीत खोलीपर्यंतच ओळखू शकते.

मार्ग टिपणारी अ‍ॅप्स

दुसऱ्या प्रकारची अ‍ॅप्स धातू शोधत नाहीत. ती शोधणाऱ्याची नोंद ठेवतात. यंत्र घेऊन माणूस शेतात कोठून कोठे फिरला, याची रेषा नकाशावर उमटते. वस्तू सापडली की त्या जागी खूण करता येते, छायाचित्र व टिपण जोडता येते. काही महागड्या धातुशोधक यंत्रांतच उपग्रहाधारित स्थाननिश्चितीची सोय असते.

ही नोंद वाईट आहे असे नाही. शास्त्रशुद्ध सर्वेक्षणात पुरातत्त्वज्ञही प्रत्येक वस्तूची जागा याच पद्धतीने टिपतात. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलने दाखवलेले स्थान साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असते. एवढ्या माहितीवर सापडलेली वस्तू पुन्हा तिच्या जागेशी जोडता येते. प्रश्न आहे तो ही माहिती कोणाच्या हाती राहते याचा.

वस्तूपेक्षा जागा मोलाची

पुरावशेषाचे मोल त्याच्या धातूत नसून तो कोठे, किती खोल आणि कशासोबत सापडला यात असते. महाराष्ट्रातच याची दोन ठळक उदाहरणे आहेत. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाच्या सुमारे १३ हजार २५० चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा उमटवलेली होती. सातवाहनांनी नहपानावर मिळवलेल्या विजयाचा तो रोकडा पुरावा ठरला. हीच नाणी एकेक करून सराफाच्या मुशीत गेली असती, तर केवळ चांदी उरली असती.

उलट उदाहरण दायमाबादचे. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील या गावी १९७४ मध्ये हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ अशी चार ब्राँझची शिल्पे मिळाली. ती मिळाली शेतात खोदताना. उत्खननातल्या थरात नव्हे. परिणामी, ही शिल्पे हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातील की त्यानंतरची, यावर विद्वानांत मतभेद राहिले. शिल्पे हाती आली, पण मातीतली साक्ष निसटली.

तेरच्या बाबतीत ही साक्ष विशेष महत्त्वाची आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तगर हे पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठे नगर असल्याचा आणि तेथून भडोच बंदराकडे कापड जात असल्याचा उल्लेख आहे. तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले. बा. ना. चापेकर यांनी १९५८ मध्ये येथे उत्खनन केले. येथे मिळालेली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती प्रतिमेशी साम्य दाखवते. रोमशी असलेल्या व्यापाराचा पुरावा म्हणून जगभरचे अभ्यासक तिच्याकडे पाहतात. पांढरीचा बराच भाग अजून न खोदलेला आहे. तेथील एखाद्या जागेचा अचूक पत्ता चुकीच्या हाती जाणे, म्हणजे न वाचलेल्या ग्रंथाची पाने फाडण्यास वाट करून देणे होय.

पत्ता फुटतो कसा?

मोबाइलने दिलेले अक्षांश-रेखांश बहुधा दशांश चिन्हानंतर सहा अंकांपर्यंत लिहिलेले असतात. दोन अंक ठेवले तर सुमारे एक किलोमीटरचा, तीन ठेवले तर शंभर मीटरचा आणि चार ठेवले तर दहा मीटरचा अंदाज मिळतो. म्हणजे चार अंक उघड झाले, तरी शेताचा बांधसुद्धा ओळखता येतो.

महाराष्ट्रात त्यापुढची पायरी आणखी सोपी आहे. राज्य शासनाने जमिनीचे नकाशे आणि सातबारा संगणकावर उपलब्ध करून दिले आहेत. शेतकऱ्यांची त्यामुळे मोठी सोय झाली. मात्र एखाद्या जागेचा पत्ता कळला की गट क्रमांक आणि त्यावरून खातेदाराचे नावही शोधता येते. अ‍ॅपमध्ये संमतीचे बटण दाबतो तो एक. आणि ज्याच्या शेताचा पत्ता बाहेर जातो, तो दुसराच. या दुसऱ्याला कोणी विचारलेलेही नसते. रात्री-अपरात्री कोणी शेतात कुदळ घेऊन उतरले, तर उभ्या पिकाची नासाडी आणि पोलिसांच्या चौकशीचा ससेमिरा त्याच्याच वाट्याला येतो.

पत्ता बाहेर जाण्याचे मार्ग अनेक आहेत. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात, ती सोय सुरू असल्यास, स्थान आपोआप नोंदले जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर छायाचित्र नेहमीच्या पद्धतीने पाठवले तर ही नोंद गळून पडते. तेच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवले तर ती सोबत जाते. मार्ग टिपणारी काही अ‍ॅप्स नोंदी कंपनीच्या संगणकावर साठवतात. काही अ‍ॅप्सना जाहिरातदारांकडून उत्पन्न मिळते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२४ मध्ये 'एक्स-मोड' या कंपनीला संवेदनशील ठिकाणांची माहिती विकण्यास मनाई केली. अनेक साध्यासुध्या अ‍ॅप्समधून गोळा झालेल्या स्थान-नोंदींचा बाजार या प्रकरणात उघड झाला.

नावे काढून टाकली म्हणजे माहिती निर्धोक होते, असेही नाही. व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या 'स्ट्राव्हा' या अ‍ॅपने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या सदस्यांच्या धावण्याच्या मार्गांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. त्यावर कोणाचेही नाव नव्हते. तरीही वाळवंटातील निर्मनुष्य भागात उमटलेल्या रेषांवरून लष्करी तळांची ठिकाणे ओळखता येतात, हे जानेवारी २०१८ मध्ये जगासमोर आले. माळरानावर एकाच तुकड्यात पुन्हा पुन्हा फिरलेली रेषाही असेच काही सांगून जाते.

कायदा काय सांगतो?

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू सापडली आणि तिचे मोल दहा रुपयांहून अधिक असले, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. त्या सूचनेत वस्तूचे वर्णन, सापडल्याची तारीख आणि सापडल्याची जागा द्यावी लागते. ही माहिती दडवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात आणि निधीतील त्याचा वाटाही जातो. जागेच्या मालकाने त्याला साथ दिली, तर तोही शिक्षेस पात्र ठरतो. उलट प्रामाणिकपणे कळवणाऱ्यास कायदा काही देतोही. निधी बेवारस ठरल्यास आणि वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा असतो. शासनाने निधी स्वतःकडे घेतल्यास मोलापेक्षा एक पंचमांश अधिक रक्कम देण्याची तरतूद आहे.

प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार संरक्षित क्षेत्रात परवान्याविना उत्खनन करता येत नाही. राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आहे. पुरावशेष व बहुमोल कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुन्या पुरावशेषांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तींना ते परदेशी पाठवण्यास बंदी आहे. गुप्तधनाच्या लालसेने केल्या जाणाऱ्या अघोरी कृत्यांवर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार सहा महिने ते सात वर्षे कारावासाची शिक्षा होऊ शकते.

खासगीपणाच्या बाजूने पाहता, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. माहिती गोळा करणाऱ्या कंपनीने स्पष्ट संमती घ्यावी आणि ठरलेल्या कारणापुरतीच ती वापरावी, हे या कायद्याचे सूत्र आहे. तथापि हा कायदा माणसाच्या माहितीचे रक्षण करतो. जमिनीखाली झोपलेल्या नगराला त्यात स्थान नाही.

इंग्लंडचा अनुभव

धातुशोधनाचा छंद जेथे मोठ्या प्रमाणावर आणि काही अटींवर चालतो, त्या इंग्लंडमध्ये या पेचावर एक तोडगा निघाला आहे. तेथे १९९७ मध्ये सुरू झालेल्या सरकारी योजनेत सापडलेल्या वस्तूंची स्वेच्छेने नोंद होते. अचूक जागा अधिकाऱ्यांना आणि अभ्यासकांना मिळते. सर्वसामान्यांना मात्र साधारण एक चौरस किलोमीटरचा परिसरच दाखवला जातो. जुलै २००९ मध्ये स्टॅफर्डशायर परगण्यातील एका शेतात अँग्लो-सॅक्सन काळातील सोन्या-चांदीचा प्रचंड साठा सापडला, तेव्हा उत्खनन पुरे होईपर्यंत ठिकाण गुप्त ठेवण्यात आले. सप्टेंबरमध्ये बातमी जाहीर झाली, तोवर माती आपले म्हणणे सांगून मोकळी झाली होती.

काय करावे?

तेर असो, नळदुर्ग-परंड्याच्या किल्ल्यांचा परिसर असो किंवा धाराशिवची लेणी, पुराणवस्तूंच्या शोधासाठी यंत्र वा कुदळ चालवणे हा छंद होऊ शकत नाही. त्यासाठी परवाना लागतो. परंतु नांगरताना, विहीर खणताना किंवा पायवाटेवर वस्तू अवचित सापडू शकते. अशा वेळी ती जागेवरून हलवू नये आणि आजूबाजूला खणू नये. जागेचा अचूक पत्ता टिपून तो तलाठी, तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालयास आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयास कळवावा.

समाजमाध्यमांवर किंवा गटांवर छायाचित्र टाकण्याचा मोह आवरावा. कॅमेऱ्यातील स्थान-नोंद बंद ठेवावी. कोणत्याही अ‍ॅपला स्थानाची परवानगी देताना 'वापरतानाच' हा पर्याय निवडावा. अँड्रॉइडमध्ये तो २०१९ पासून उपलब्ध आहे. ज्या अ‍ॅपला नेमक्या जागेची गरज नाही, त्याला अंदाजे स्थानच द्यावे. नोंद मोबाइलमध्येच राहते की कंपनीकडे जाते, हे आधी तपासावे.

पत्ता एका कार्यालयाला अगदी नेमका आणि बाकी जगाला मोघम कळावा, एवढेच याचे सार आहे. व्यवहारात आज नेमके उलटे घडू शकते : अ‍ॅपच्या कंपनीला सहा अंकी अचूकतेने ठाऊक असलेली जागा जिल्हाधिकारी कार्यालयाला कधी कळतच नाही. लामतुरे यांनी जमवलेले मणी आणि प्रतिमा गावातच राहिल्या, म्हणून तेरला तगर म्हणून हक्काने मिरवता येते. पुढचे मणी कोठे जातील, हे बऱ्याच अंशी आता मोबाइलधारकाच्या बोटावर ठरणार आहे.